भाऊजींचा ट्रान्सफॉर्मर आणि बाबांचा पूरिया

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान विजेच्या खात्यात होते. होते ते बिलांच्या शाखेत, पण ही गोष्ट नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या गल्लीत कोणी लक्षात घेत नसे. ज्याच्या घरचा फ्यूज उडे तो त्यांच्याकडे येई. भाऊजी लुंगीवरच जात, मीटरकडे मान तिरपी करून बघत, "लोड जास्त झाला," म्हणत आणि चहा पिऊन परत येत. फ्यूज मग दुसराच कोणीतरी बांधत असे. पण लोड जास्त झाला होता हे भाऊजींनी सांगितलं, हेच गल्लीच्या लक्षात राही. त्यांच्याकडे परदेशी बनावटीची एक विजेची दाढीची मशीन होती. ती रोज सकाळी व्हरांड्यात चाले, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्यांना ती ऐकू यावी अशी सोय होती.

माझे वडील गाणारे होते. कळमेश्वरच्या बाजूच्या एका खेड्यात आमची शेती होती. ती भावांच्या हवाली करून ते गाणं शिकायला नागपुरात आले आणि इथलेच झाले. एका शाळेत गाणं शिकवत, संध्याकाळी घरी शिष्य येत. बोली मात्र त्यांनी गावचीच ठेवली. त्यांचा आवाज भारदस्त होता, खर्जात उतरला की समोरच्या माणसाच्या छातीत वाजायचा. त्यांचा षड्ज, म्हणजे सा, पेटीच्या काळी एक या पट्टीचा. पूरिया हा त्यांचा हातखंडा राग, कारण तो खालच्या सप्तकात रमणारा राग आहे आणि तिथे रमायला लागणारा आवाज त्यांच्याकडे होता. हे मी मुलगी म्हणून सांगत नाही. मीही गाणंच शिकवत आले आहे, आणि कौतुक करण्यात माझा हात आखडता आहे असं माझ्या विद्यार्थिनी सांगतील.

सत्तरच्या दशकात ताईचा मुलगा अमेरिकेत नोकरीला लागला, शिकागोजवळच्या एका गावात. तिथल्या मराठी मंडळींनी त्याच्या आजोबांचं नाव ऐकलं होतं. त्यांनी बाबांना गायला बोलावलं. बाबांना तोवर दम्यानं गाठलं होतं. ते म्हणाले, "मले कुठं नेता आता. त्यायले सांगा, म्हातारा जिन्यावरच दमते."

तिथे भाऊजींना कल्पना सुचली. ताई आणि ते मुलाकडे जाणारच होते. बाबांचं गाणं टेप करून न्यायचं आणि तिथल्या कार्यक्रमात वाजवायचं. मलाही सोबत न्यायचं ठरलं, कारण गाण्याबद्दल दोन शब्द बोलायला कोणीतरी हवं होतं आणि भाऊजींना गाण्यातलं काही कळत नव्हतं. विजेतलंही कळत नव्हतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

त्यांच्याकडे एका बदली झालेल्या साहेबाकडून घेतलेला स्पूलचा, म्हणजे फितीच्या मोठ्या चक्रांचा टेपरेकॉर्डर होता. कंपनीनं त्याला पोर्टेबल म्हटलं होतं, म्हणजे त्याला मूठ बसवलेली होती. एका हातानं तो उचलला की माणूस दुसऱ्या बाजूला झुके. हिवाळ्यातल्या एका तिन्हीसांजेला आमच्या पुढच्या खोलीत बाबा गायला बसले, मी तंबोरा धरला. मधे दोनदा भाऊजींनी हात वर करून बाबांना थांबवलं आणि माइकची दिशा बदलली. तिसऱ्यांदा हात वर झाला तेव्हा बाबांनी डोळे मिटून घेतले आणि गाणं पूर्ण केलं. तो पूरिया मी त्यानंतर शेकडो वेळा ऐकला आहे. त्या दिवशी दम्यानं त्यांना सोडलं होतं.

मग भाऊजी ट्रान्सफॉर्मरच्या मागे लागले. अमेरिकेत घरात एकशे दहा व्होल्टची वीज असते, आपल्याकडे दोनशे वीस, एवढं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. सीताबर्डीच्या एका वायंडिंगच्या दुकानात त्यांनी एकशे दहाचे दोनशे वीस करून देणारा ट्रान्सफॉर्मर बांधून घेतला. हिरव्या पत्र्याच्या डब्यात बसवलेला, दोन पाट्या-वरवंट्यांच्या वजनाचा. तो घरी आला तेव्हा त्यांनी गल्लीतल्या लोकांना बोलावून दाखवला. "तिकडे जाणाऱ्या लोकांना हे माहीत नसतं," ते म्हणाले. "वस्तू नेतात आणि जाळून बसतात. व्होल्ट बरोबर केले की जगात कुठेही जा."

तो डबा ते विमानात मांडीवर घेऊन बसले. दर विमानतळावर तो उघडून दाखवावा लागला आणि दर वेळी त्यांनी अधिकाऱ्याला त्याचं महत्त्व समजावून सांगितलं. अधिकाऱ्याला ते इंग्रजी कळत नसावं, किंवा कळूनही न कळल्यासारखं करणं सोयीचं वाटत असावं. युरोपात विमान बदलताना भाऊजींनी न्हाणीघराच्या भिंतीत दाढीची मशीन लावून पाहिली. ती चालली. बाहेर आले ते अर्धी दाढी करून आणि अख्ख्या जगाला जिंकून.

"पाहिलं? इथेही आपलीच वीज आहे," ते ताईला म्हणाले.

"तुम्ही म्हणता तर असेल," ताई म्हणाली. लग्नानंतर तिनं हे एक वाक्य शिकून घेतलं होतं आणि तेवढ्यावर संसार केला होता.

भाच्याच्या घरी पोहोचल्यावर झोपण्याआधी भाऊजींनी डबा भिंतीला जोडला. तो मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणू लागला. टेपरेकॉर्डर त्याला जोडला, स्पूल चढवलं, कळ दाबली.

तंबोरा ऐकला आणि मी मशीनजवळ सरकले. मग बाबांचा आवाज आला आणि तो बाबांचा नव्हता. कोणी तरणाबांड, पातळ गळ्याचा गडी घाईघाईनं पूरिया उरकत होता. खर्ज नावाची वस्तूच त्यात नव्हती. विलंबित लय अशी चालली होती, जणू कोणाला गाडी गाठायची आहे.

"भाऊजी, हे उंच वाजतंय," मी म्हणाले. "आणि पळतंय."

त्यांनी स्पूलकडे मान तिरपी करून पाहिलं, मीटरकडे पाहात तशी.

"विमानात कान बंद होतात," ते म्हणाले. "दोन दिवस राहू दे, उघडतील."

माझे कान विमानात बंद झाले नव्हते. उलट मी तिथल्या फ्रिजचा सूर कोणता हेही सांगू शकले असते. पण पाहुणी म्हणून आले होते, झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी भाच्याची बायको मला तिथल्या मराठी मंडळाच्या चिटणिसांकडे घेऊन गेली. त्यांच्याकडे हार्मोनियम होती. ती मी मागून आणली आणि भाऊजी चहा पीत असताना टेप लावून तिच्यावर षड्ज शोधला. काळी एकवर असायला हवा होता, तो पांढरी तीनवर सापडला. मी त्यांना दोन्ही पट्ट्या दाबून दाखवल्या.

"ही पेटी इथल्या थंडीत उतरली असेल," ते म्हणाले.

"पेटी उतरली तर थोडी उतरेल. तीन स्वरांनी नाही उतरत."

"तू गाणं शिकवतेस ना, मग गाण्याचं बघ. हे विजेचं आहे."

मी टेपरेकॉर्डर उलटा करून त्याच्या पाठीवरची पट्टी वाचली. त्यावर दोनशे वीस व्होल्ट लिहिलं होतं आणि शेजारी, तितक्याच ठळक अक्षरांत, पन्नास सायकल. भाचा स्वयंपाकघरात भांडी पुसत होता. मी त्याला विचारलं हे काय असतं. हा मुलगा इंजिनिअर होता, अमेरिकेत त्याच शिक्षणावर जगत होता. त्यानं दाराकडे बघितलं आणि आवाज उतरवला.

"मावशी, वीज सेकंदाला जितक्या वेळा उलटसुलट वाहते त्या सायकली. आपल्याकडे पन्नास, इथे साठ असतात. ट्रान्सफॉर्मरनं व्होल्ट बदलतात, सायकल बदलत नाहीत. मोटर त्या सायकलींवर फिरते, म्हणून ती जास्त जोरात फिरतेय."

"तुला हे काल रात्रीच माहीत होतं?"

"टेप लावला तेव्हाच कळलं."

"मग वडिलांना सांग."

"तू सांग ना. माझं ऐकणार नाहीत ते."

बापाला घाबरायला सात समुद्र ओलांडून आलेला पहिलाच मुलगा मी पाहिला. लोक समुद्र ओलांडतात ते बहुधा उलट कारणासाठी. मी म्हटलं ठीक आहे, आणि जाऊन भाऊजींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले.

"सायकल म्हणजे काय ते तरी माहीत आहे का? अख्खी नोकरी मी या खात्यात काढली."

"बिलं लावण्यात काढली," असं माझ्या तोंडावर आलं होतं. ताई समोर बसून वाटाणे सोलत होती, म्हणून गिळलं. म्हटलं, "मग असं करू. स्पूल काही या मशीनला चिकटलेलं नाही. चिटणिसांकडे इथलं स्पूलचं मशीन आहे, मी पाहिलंय. आपलं स्पूल त्यांच्या मशीनवर लावू. तुमचा डबाही नको."

त्यांनी हिरव्या डब्याकडे पाहिलं. मग जे बोलले ते त्या सगळ्या प्रवासात त्यांनी बोललेलं एकमेव खरं वाक्य होतं.

"मग मी हे नागपूरहून उचलून काय आणलं?"

बाबांचा सूर गेला तरी चालेल, भाऊजींचा डबा फुकट जाता कामा नये, असं ठरलं.

कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता. मंडळी छान नटून आली होती. बायकांनी पैठण्या काढल्या होत्या, पुरुषांनी झब्बे, आणि थंडी असल्यामुळे झब्ब्यांवर कोट. निम्मे पुरुष इंजिनिअर होते, उरलेले डॉक्टर. व्यासपीठावर सतरंजी, तिच्यावर समई, आणि मध्यभागी, जिथे गवई बसतो तिथे, टेपरेकॉर्डर आणि हिरवा डबा. त्या दोघांनाही हार घातला होता. मी दोन शब्द बोलले. बाबांच्या खर्जाबद्दल बोलायचं ठरवून आले होते, ते वगळलं. मग भाऊजी उठले आणि त्यांनी ट्रान्सफॉर्मरबद्दल पुष्कळ शब्द बोलून कळ दाबली.

मी पहिल्या रांगेतून मागे वळून लोकांचे चेहरे पाहात होते. कोणीतरी चमकेल, कोणीतरी शेजाऱ्याकडे बघेल, अशी वाट पाहात होते. लोक माना डोलावत होते. ताना आल्या तेव्हा तर, त्या आधीच जलद, आता अगदी फटाक्यांच्या माळेसारख्या तडतडल्या आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या. सगळे इंजिनिअर टाळ्या वाजवत होते. मोटर जोरात फिरते आहे हे ओळखायला गाणं कळावं लागत नाही, तेवढं शिक्षण त्या प्रत्येकाकडे होतं. पण संस्कृतीला आलं की शिक्षण कोटाबरोबर खुंटीवर ठेवायचं, असा तिथला रिवाज दिसला.

मध्यंतरात मंडळाचे अध्यक्ष मला भेटायला आले. हृदयाचे डॉक्टर होते आणि जाणकार म्हणून तिथे त्यांचा दबदबा होता.

"काय सोहनी गायलेत," ते म्हणाले. "या वयात हा आवाज. कमाल आहे."

गाणं न कळणाऱ्यांसाठी सांगते. पूरिया आणि सोहनी यांचे स्वर तेच, पण पूरिया खाली गंभीरपणे वावरतो आणि सोहनी वर, चपळ. म्हणजे डॉक्टरांच्या कानांनी आपलं काम चोख केलं होतं. जे वाजलं ते सोहनीसारखंच वाजलं होतं. फक्त मी सुरुवातीलाच, त्यांच्यासमोर, माइकवरून पूरिया असं सांगितलं होतं.

"पूरिया होता," मी म्हणाले.

"हो, हो, पूरिया अंगाची सोहनी," ते म्हणाले आणि सामोशांकडे गेले.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हाताऱ्या बाई माझ्याकडे आल्या. नऊवारी लुगडं, पायात मुलाचे जाड मोजे, वरून सुनेचा कोट. मुलाकडे राहायला आल्या होत्या, गाव काटोलजवळचं. त्यांनी माझा हात धरला.

"तू त्यायची पोरगी का वं?"

"हो."

"आमच्या गावच्या सप्त्यात येत होते ते. दरसाल ऐकलं मी त्यायले, चुलीपाशी बसून. हे ते नाहीत." त्या टेपरेकॉर्डरकडे बघत होत्या. "हे काहून असं पळून राहिले? कोन मागं लागलं त्यायच्या?"

त्या सभागृहात मला रडू आलं ते तेवढ्या वेळी. मी त्यांना खरं ते सांगितलं, मशीन बरोबर चालत नाही म्हणून. त्यांनी मान हलवली.

"माह्या पोराले म्हटलं, तर म्हनते, आई, तुले काही समजत नाही."

मध्यंतरानंतर टेपची दुसरी बाजू लावायची होती. मी व्यासपीठावर गेले आणि भिंतीतला प्लग काढला. डबा गुणगुणायचा थांबला. भाऊजी सामोसा हातात धरून धावत आले.

"काय करतेस?"

"आता मी गाते," मी म्हणाले. "तुमचा डबा तापला असेल. लोड जास्त झाला."

सगळ्यांसमोर ते सामोसा घेऊन खाली बसले. मी कडेला ठेवलेली चिटणिसांची हार्मोनियम ओढली, माझ्या पट्टीत सूर धरला आणि पूरिया गायला घेतला, संथ, बाबांनी शिकवला तसा. थोड्या वेळानं खुर्च्या वाजायला लागल्या. मागच्या दारानं माणसं बाहेर जात होती. कोणाच्या मुलाची झोपेची वेळ झाली होती, कोणाला उद्या लवकर कामावर जायचं होतं. त्यांना मघाचं जलद गाणंच जास्त आवडलं होतं, हे उघड होतं. शेवटी सभागृह अर्धं उरलं. त्या आजी पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या, मोजे घातलेले पाय खुर्चीवर घेऊन, मांडी घालून.

रात्री भाऊजी माझ्याकडे पाठ करून जेवले. भाचा मात्र दुसऱ्या दिवशी, वडील अध्यक्षांच्या घरी जेवायला गेल्याचं पाहून, न सांगता गाडी काढून गेला आणि चिटणिसांचं मशीन घेऊन आला. हा त्याचा पराक्रम. वडील घरात असते तर झाला नसता, तरी झाला हे खरं. येताना वाटेवरून त्यानं आजींनाही आणलं. आम्ही दिवाणखान्यात गालिच्यावर बसलो. तेच स्पूल, मशीन तिथलं, वीज तिथली, मधे काही नाही.

तंबोरा लागला, काळी एकवर. मग बाबांचा षड्ज आला, त्याच्या जागेवर, रुंद. आजींनी डोक्यावरून पदर घेतला.

"आता आले," त्या म्हणाल्या.

आलाप खाली खाली उतरत गेला आणि त्या परक्या घराच्या लाकडी भिंती त्या खर्जानं बारीक थरथरल्यासारख्या मला वाटल्या. ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच बसून राहिली. ती बाबांची मुलगी आहे हे मी इतक्या वर्षांत विसरले होते. तिचे डोळे मिटलेले होते आणि हात मांडीवर ताल धरत होता, चुकत नव्हता.

द्रुत संपत आलं तेव्हा भाऊजी परतले. उंबऱ्यात बूट काढता काढता थांबले, ऐकलं, आणि चेहरा खुलला.

"पाहा," ते म्हणाले, "आज कसं स्वच्छ वाजतंय. मी म्हटलंच होतं, कान उघडायला दोन दिवस लागतात."

त्यांचा हिरवा डबा कोपऱ्यात बंद पडलेला होता. त्यांचा टेपरेकॉर्डर खोक्यात होता. समोर दुसरंच मशीन होतं, रंगानं, आकारानं, सगळ्यानं वेगळं. भाच्यानं माझ्याकडे पाहिलं, मी ताईकडे पाहिलं. ताईनं डोळे उघडले.

"हे चिटणिसांकडचं मशीन आहे," ती म्हणाली. "तुमचं खोक्यात आहे."

"तेच ते," भाऊजी म्हणाले, पण "तुम्ही म्हणता तर असेल" हे वाक्य त्या दिवशी त्यांना मिळालं नाही. ते हात धुवायला गेले.

नागपूरला परत आल्यावर बाबांना काय सांगावं हा प्रश्न होता. माझ्या आधी भाऊजींनी सांगून टाकलं होतं की सभागृह भरलं होतं, लोक उठून टाळ्या वाजवत होते आणि वीज अजिबात गेली नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. संध्याकाळी शिष्य गेल्यावर त्यांनी मला बसवून घेतलं.

"खरं काय झालं ते सांग."

मी सांगितलं. आजींचंही सांगितलं, डॉक्टरांचंही. बाबांनी मधे एकदाच विचारलं, "कोनत्या पट्टीत गेलो मी?"

"पांढरी तीन."

त्यांनी मग पेटी जवळ ओढली, पांढरी तीन दाबली आणि त्या सुरात षड्ज लावायचा प्रयत्न केला. लागला, पण ताणून. गंधारापर्यंत गेले आणि खोकला आला. मी पाणी दिलं. खोकून झाल्यावर ते हसत होते.

"बरं झालं मी गेलो नाही," ते म्हणाले. "माह्या आवाजात गायलो असतो तर म्हनले असते, म्हातारा थकला. त्यायले तोच पळनारा पसंत हाय."

"त्यांना काही कळत नाही बाबा."

"त्या काटोलच्या बाईले कळलं ना. बस झालं."

भाऊजींची कीर्ती त्यानंतर वाढलीच. आखाती देशांत नोकऱ्या निघाल्या, नागपुरातली जरीपटक्यापासून हुडकेश्वरपर्यंतची पोरं तिकडे जाऊ लागली, आणि जाण्याआधी रेडिओ, इस्त्री, दाढीची मशीन घेऊन भाऊजींचा सल्ला घ्यायला येऊ लागली. ते प्रत्येकाला व्होल्ट समजावून सांगत. तिकडून कोणी तक्रार केल्याचं ऐकलं नाही. ज्यांच्या वस्तू जळाल्या असतील त्यांनीही लोड जास्त झाला असंच मानलं असावं.

मला क्वचित कोणी विचारलं तर मी सांगते की जिथे जाल तिथलं मशीन वापरा. हे ऐकून लोक भाऊजींकडे जातात.